माणसांचा व्यापार आणि गिऱ्हाइकाची जबाबदारी

(वर्षावासानिमित्त बुद्धविहारात भरलेल्या कुटुंबसभेपुढे एका वकिलाने दिलेले व्याख्यान)



आज आपण सहकुटुंब येथे जमला आहात. अशा सभेत वेश्याव्यवसाय आणि स्त्रियांची खरेदी-विक्री हा विषय काढावा किंवा नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. काही वडीलधाऱ्या मंडळींनी मला सुचविले की, हा विषय केवळ पुरुषांच्या सभेत घ्यावा. मला ते पटले नाही. घरातील माणसे ज्या विषयावर गप्प राहतात, त्या गप्प राहण्याचाच फायदा दलाल घेतो, हे मी न्यायालयात अनेक वेळा पाहिले आहे. म्हणून आपल्या लेकींच्या व सुनांच्या समोर मी हे बोलणार आहे, आणि आपण ते धीराने ऐकून घ्यावे अशी माझी विनंती आहे.

काही वर्षांपूर्वीची एक हकीकत सांगतो. गाव आणि नावे सांगणार नाही. एका लॉजवर पोलिसांनी धाड घातली. तेथे वीस वर्षांची एक मुलगी सापडली. शहरात कपड्याच्या दुकानात काम लावून देते, असे सांगून ओळखीच्याच एका बाईने तिला गावाहून आणले होते. ती बाई, दलाल आणि लॉजचा चालक असे तिघे आरोपी झाले. ज्या खोलीत मुलगी सापडली, त्या खोलीत एक पुरुषही होता. त्याचा जबाब घेऊन त्याला साक्षीदार करण्यात आले व घरी जाऊ देण्यात आले. पुढे साक्षीचे समन्स निघाले तेव्हा तो माझ्याकडे आला. साक्षीला उभे न राहता यातून सुटता येईल काय, असे त्याने विचारले. मी त्याला ओळखत होतो. तो आपल्यापैकीच होता. त्याने धम्मदीक्षा घेतली होती. विहारात वंदनेला तो पुढे बसत असे. मी त्याचे काम घेतले नाही. तेव्हा तो कळवळून म्हणाला, "वकीलसाहेब, मी तिला पळवून आणले नाही. मी तिला कोंडले नाही, मारले नाही. मी पैसे दिले आणि परत निघालो होतो. यात माझा गुन्हा कोणता?"

आजचे माझे व्याख्यान म्हणजे त्याच्या या प्रश्नाचे उत्तर होय.

प्रथम हा व्यापार चालतो कसा ते पाहू. जो मनुष्य मुलगी फसवून आणतो तो मोठे धाडस करीत असतो. पकडला गेला तर दहा-दहा वर्षे तुरुंगात जाण्याचा संभव असतो. त्याला प्रवासाचा खर्च करावा लागतो, मधल्या माणसांचे हात ओले करावे लागतात. इतके सारे तो कशासाठी करतो? त्या मुलीशी त्याचे वैर नसते. कुंटणखाना चालविणारी घरवाली तिची किंमत मोजील, हे त्याला ठाऊक असते म्हणून तो ते करतो. घरवाली तरी किंमत का मोजते? रोज संध्याकाळी दारात पैसे घेऊन येणारी माणसे आहेत, हे तिला ठाऊक असते म्हणून. या साखळीत मुलगी विकत घेणारे हात अनेक आहेत, परंतु पैसा शेवटच्या एकाच हातातून येतो, आणि तो हात गिऱ्हाइकाचा आहे. बाकीचे सर्व जण त्याच्या पैशातून आपापला वाटा काढून घेतात.

आता कोणी म्हणेल की, स्वखुशीने या धंद्यात येणाऱ्या स्त्रियाही असतील. असतीलही. परंतु जितके गिऱ्हाईक येते तितक्या स्त्रिया स्वखुशीने कधीच येत नाहीत. आणि गिऱ्हाईक तर नवी, वयाने लहान आणि कशालाही नकार न देणारी स्त्री मागते. मागणी आणि खुशी यांच्यामधील ही तूट फसवणूक, कर्ज आणि मारहाण यांनी भरून काढली जाते. माणसांचा व्यापार या तुटीवर जगतो.

हे अनुमान नव्हे. याला इतिहासाचा पुरावा आहे. १८८६ साली हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्याच्या मुख्यालयातून छावण्यांच्या अधिकाऱ्यांना एक परिपत्रक गेले. लॉर्ड रॉबर्ट्स हे त्या वेळी सरसेनापती होते. पलटणींच्या बाजारात स्त्रियांची संख्या पुरेशी असावी आणि त्या पुरेशा आकर्षक असाव्यात, अशी त्या परिपत्रकात सूचना होती. छावणीतील स्त्रियांवर देखरेख करण्यासाठी जी बाई असे तिला महालदारणी म्हणत, आणि नव्या स्त्रिया मिळवून आणणे हेही तिचेच काम असे. आता विचार करा. छावणीतील गोऱ्या शिपायाने कोणाही मुलीला खेड्यातून पळविले नाही. तोही पैसे देत होता आणि परत जात होता. परंतु त्याची मागणी पुरविण्यासाठी साम्राज्याच्या कचेरीतून हुकूम निघाला आणि गरिबांच्या मुली गोळा करण्यात आल्या. हे परिपत्रक इंग्लंडात उघडकीस आले तेव्हा मोठा गहजब झाला, आणि १८८८ साली तेथील कॉमन्स सभागृहाला या पद्धतीविरुद्ध ठराव करावा लागला.

दुसरा पुरावा मुंबईचा आहे. १९१७ साली डंकन रोडवरील एका कुंटणखान्यात एका स्त्रीला हाल हाल करून ठार मारण्यात आले. तिने तेथून सुटण्याचा प्रयत्न केला होता, हाच तिचा अपराध. या खटल्याने मुंबई हादरली, आणि पुढे १९२३ साली मुंबई इलाख्यात वेश्याव्यवसाय प्रतिबंधाचा पहिला कायदा आला. स्त्री खुशीने राहत असती तर तिला कोंडण्याची व मारण्याची गरज का पडावी? कुंटणखान्याच्या खिडक्यांना गज बसवलेले असत ते कोणासाठी?

आज गजांची गरज कमी झाली आहे, कारण त्यांची जागा कर्जाने घेतली आहे. मुलगी ज्या किमतीला विकत घेतली ती किंमत तिच्याच नावावर कर्ज म्हणून लिहिली जाते. तिचे कपडे, तिचे जेवण, खोलीचे भाडे, औषध, पोलिसांचा हप्ता, सर्व त्या कर्जात मिळविले जाते. हिशेबाची वही घरवालीच्या हातात असते आणि मुलीला बहुधा वाचता येत नाही. आमच्या बापजाद्यांना हा हिशेब चांगला परिचित आहे. सावकाराच्या वहीत ज्यांच्या तीन पिढ्या अडकल्या, त्यांना ही वही कशी वाढते हे सांगावयास नको.

आणि नफा किती? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२४ साली सक्तीच्या श्रमातून मिळणाऱ्या बेकायदेशीर नफ्याचा अंदाज प्रसिद्ध केला. सबंध जगात हा नफा वर्षाला २३,६०० कोटी डॉलर इतका आहे. खाजगी लोकांनी सक्तीच्या कामाला जुंपलेल्या माणसांपैकी लैंगिक व्यापारात अडकलेली माणसे शेकडा २७ आहेत. परंतु एकूण नफ्यापैकी शेकडा ७३ भाग त्यांच्या शरीरातून काढला जातो. शेतात, खाणीत, वीटभट्टीवर राबविलेल्या मनुष्यापेक्षा कुंटणखान्यात विकलेली स्त्री व्यापाऱ्याला कितीतरी अधिक पैसा मिळवून देते. हा पैसा आकाशातून पडत नाही. तो गिऱ्हाइकांच्या खिशातून येतो.

बंधुभगिनींनो, आता मी आपल्या घरातील दुखण्याकडे वळतो.

हा बाजार कोणाच्या मुलींनी भरला? ज्यांच्या मुलीच्या अब्रूची गावाला किंमत नव्हती त्यांच्या मुलींनी. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुलगी सोडावी, जेजुरीच्या खंडोबाला मुरळी वाहावी, आणि देवाला वाहिलेल्या मुलीचा उपभोग गावातील धनिकांनी घ्यावा, ही रूढी आमच्याच वस्त्यांच्या माथी मारली गेली. देवाच्या नावाने चाललेला हा पुरवठाच होता. केसात जट निघाली म्हणजे देवीचे बोलावणे आले, असे आईबापांना सांगण्यात आले. त्यातील कितीतरी मुली पुढे मुंबईच्या कामाठीपुऱ्यात पोहोचल्या. गावात जी गोष्ट धर्म म्हणून फुकट घेतली जात होती, तीच शहरात पैसे टाकून घेतली जाऊ लागली. एवढाच काय तो फरक.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे दुखणे झाकून ठेवले नाही. धर्मांतराच्या घोषणेनंतर, १६ जून १९३६ रोजी, परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी आणि वाघ्ये यांची सभा भरली होती. ही मंडळी धर्मांतराला पाठिंबा देण्यासाठी आली होती. बाबासाहेब त्यांना गोड बोलून परत पाठवू शकले असते. तसे त्यांनी केले नाही. आमच्याबरोबर यावयाचे असेल तर हे लाजिरवाणे जीवन सोडून या, असे त्यांनी त्या भगिनींना स्पष्ट सांगितले. ते बोल कठोर होते. परंतु कोणत्याही पुढाऱ्याने ज्यांना सभेत बसवून घेतले नसते, त्यांना समोर बसवून, स्वाभिमानी माणसे समजून बोललेले ते बोल होते.

ती सभा स्त्रियांपुढे होती. आज ती गोष्ट मला पुरुषांपुढे मांडावयाची आहे. जी मुलगी विकली गेली तिला आपण सोडून ये असे सांगतो. मग जो तेथे विकत घेण्यासाठी जातो त्याला काय सांगणार? त्याने बाबासाहेबांची तसबीर घरात लावली आणि पगाराच्या दिवशी पाऊल त्या गल्लीकडे वळविले, तर त्याचे धर्मांतर झाले असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. आपल्या संविधानाचे कलम २३ माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना एकाच वाक्यात मनाई करते. ज्या समाजाने वेठ सोसली आणि ज्याच्या मुली विकल्या गेल्या, त्या समाजाला या दोन गोष्टी एकत्र का आल्या हे समजावून सांगण्याची गरज नाही. १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, संसदेने अनैतिक व्यापाराविरुद्धचा कायदा केला. १९८६ साली तो सुधारण्यात आला व तो आजही चालू आहे. कुंटणखाना चालविणे, वेश्येच्या कमाईवर जगणे, स्त्रीला या धंद्यासाठी मिळवून आणणे, तिला डांबून ठेवणे हे त्याखाली गुन्हे आहेत. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिच्या कलम १४३ प्रमाणे फसवून, धाक दाखवून किंवा आमिष दाखवून माणसाचा व्यापार करणाऱ्यास सात ते दहा वर्षे सक्तमजुरी आहे. व्यापार मुलाचा किंवा मुलीचा असेल तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. अशा व्यवहारात मुलीने संमती दिली होती, हा बचाव चालत नाही.

आणि गिऱ्हाईक? त्याच संहितेच्या कलम १४४ प्रमाणे, व्यापार करून आणलेल्या स्त्रीला तसे माहीत असताना, किंवा तसे समजण्यास कारण असताना, जो लैंगिक शोषणासाठी वापरतो त्याला तीन ते सात वर्षे शिक्षा आहे. बालक असेल तर पाच ते दहा वर्षे. दंडसंहितेत अशी तरतूद २०१३ साली प्रथम आली. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ चा बालसंरक्षण कायदाही लागू होतो, आणि पैसे दिले होते हे सांगून कोणी सुटू शकत नाही.

परंतु कायद्याचा डोळा अजून पुरता उघडलेला नाही, हेही मी वकील म्हणून कबूल केले पाहिजे. १९५६ च्या कायद्यात वेश्याव्यवसाय हा स्वतः गुन्हा नाही, पण सार्वजनिक जागी गिऱ्हाइकाला खुणावणे हा गुन्हा आहे. या गुन्ह्यासाठी स्त्रीला पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तोच गुन्हा पुरुषाने केला तर सात दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत. गिऱ्हाइकाला या कायद्याखाली आरोपी करता येते काय, याविषयी उच्च न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत. त्यामुळे पुष्कळदा गिऱ्हाईक साक्षीदार होतो, साक्षीला येत नाही, आणि खटला कोसळतो. कोणत्या स्त्रीला कोणी आणले हे त्याला माहीत होते, असे सिद्ध करणेही कठीण असते. पण माझ्याकडे आलेल्या त्या गृहस्थाला मी हेच विचारले, "ती कोठून आली हे तू तिला विचारलेस काय?" तो म्हणाला, "नाही." फसवून आणलेली आणि स्वतः आलेली यांच्या कपाळावर वेगवेगळी खूण नसते. ज्याला हा फरक ओळखता येत नाही आणि ओळखण्याची इच्छाही नाही, त्याचा पैसा दोघींच्या मालकाकडे सारखाच पोहोचतो.

जगातील इतर देशांनीही या प्रश्नावर विचार केला आहे. स्वीडनने १ जानेवारी १९९९ पासून देह विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरविले आणि विकणाऱ्या स्त्रीला शिक्षेतून मोकळे केले. नॉर्वे व आइसलँड यांनी २००९ साली आणि फ्रान्सने २०१६ साली हाच मार्ग धरला. संयुक्त राष्ट्रांचा २००० सालचा मानवी व्यापारविरोधी करार भारताने २०११ साली मान्य केला. त्याचे नववे कलम शोषणाला चालना देणारी मागणी कमी करण्याचे बंधन राष्ट्रांवर घालते. उलट जर्मनीने २००२ साली आणि न्यूझीलंडने २००३ साली हा व्यवसाय कायदेशीर चौकटीत आणला. दीडशेपर्यंत देशांची माहिती तपासून तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ साली असा निष्कर्ष काढला की, जेथे हा व्यवसाय कायदेशीर आहे तेथे परदेशांतून व्यापार करून आणलेल्या माणसांची नोंद अधिक आढळते. ही माहिती अपुरी असल्याची जाणीव त्यांनीच दिली आहे, म्हणून तिच्यावर मी सर्व इमारत उभी करणार नाही.

दुसरी बाजूही आपण ऐकली पाहिजे. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेसारख्या या व्यवसायातील स्त्रियांच्याच संघटना म्हणतात की, प्रत्येक स्त्रीला व्यापारात विकलेली समजू नका. धाडींनी आमचे भले होत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १९ मे २०२२ च्या आदेशात या स्त्रियांना इतर नागरिकांप्रमाणेच प्रतिष्ठेने वागविण्याचे पोलिसांना बजावले आहे. म्हणून मी स्पष्ट सांगतो: माझे बोट त्या स्त्रियांकडे नाही. त्यांचा अपमान करणारा मनुष्य या विहारात मान मिळण्यास पात्र नाही. माझे बोट मागणीकडे आहे.

आता धम्माकडे वळू. तथागतांनी कार्यकारणाचा नियम शिकविला. कारण असेल तर कार्य होते. कारण नाहीसे झाले की कार्यही नाहीसे होते. दुःखाच्या मुळाशी तृष्णा आहे, हे आपण दर पौर्णिमेला ऐकतो. मुलीच्या दुःखाचे कारण केवळ तिच्या घरचे दारिद्र्य नव्हे. दारिद्र्यामुळे ती सापळ्याजवळ येते, परंतु सापळा लावला जातो तो दुसऱ्याच्या तृष्णेसाठी. अंगुत्तर निकायात उपासकाने कोणते पाच व्यापार करू नयेत ते सांगितले आहे: शस्त्रांचा, प्राणिमात्रांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. यातील दुसऱ्याला पालीत सत्तवणिज्जा म्हणतात, आणि जिवंत माणसांची विक्री त्यात येते. जेथे विकणे निषिद्ध आहे तेथे विकत घेणे शुद्ध कसे राहील? कामवासनेतील मिथ्याचारापासून अलिप्त राहण्याचे शील आपण रोज घेतो. ज्या स्त्रीला नाही म्हणण्याची मुभा नाही, तिच्याकडे पैसे घेऊन जाणे हा मिथ्याचार नव्हे तर काय?

त्याच बरोबर आम्रपालीचे स्मरण ठेवा. वैशालीच्या त्या गणिकेचे भोजनाचे निमंत्रण भगवंतांनी स्वीकारले. हे निमंत्रण आम्हाला दे म्हणून लिच्छवी राजपुत्रांनी तिला लाखाची रक्कम देऊ केली. तिने ती नाकारली. भगवंतांनीही दिलेला शब्द मोडला नाही. नगराने जिची किंमत ठरविली होती, तिला भगवंतांनी माणूस म्हणून वागविले. पुढे ती भिक्खुणी झाली.

मग आपल्या कुटुंबांनी काय करावे? पहिली गोष्ट, देवीचा धाक कायमचा सोडावा. जट निघाली तर ती कापावी, तेल-साबणाने डोके धुवावे. महाराष्ट्राने २००५ साली देवदासी प्रथेच्या निर्मूलनाचा कायदा केला आहे. शिवाय २०१५ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीच्या स्त्रीला देवाला वाहणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा आहे. बौद्ध झाल्यावर हे संरक्षण गेले असे कोणी सांगितले तर ऐकू नका. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला आहे.

दुसरी गोष्ट, कामासाठी मुलगी परगावी पाठविताना मालकाचे नाव, पत्ता व दूरध्वनी लिहून घ्यावा, आणि पाठविण्यापूर्वी घरातील एकाने ती जागा पाहून यावी. हुंडा नको, खर्चही आम्ही करतो, असे म्हणून परप्रांतातून एकाएकी आलेल्या स्थळाची दुप्पट चौकशी करावी. संशय आला तर बालकांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२ या क्रमांकांवर कळवावे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे मानवी व्यापारातील पीडितेला वकील विनामूल्य मिळतो. तो मागून घ्यावा.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. सुटका झालेल्या मुलीला आईबापांच्या स्वाधीन करण्यापूर्वी न्यायाधीश चौकशी करतात: हे कुटुंब तिला सांभाळील काय? त्या वेळी खाली मान घालून उभे राहिलेले बाप मी पाहिले आहेत. आपल्या लॉजमधील त्या मुलीचा बापही असाच उभा होता. तो बोलेना, तेव्हा तिची आजी पुढे झाली आणि म्हणाली, "साहेब, पोर माझी आहे. मी नेते." ती आजी अक्षरशत्रू होती. मला विचाराल तर त्या दिवशी न्यायालयात धम्म तिच्याच तोंडून बोलला. अशी मुलगी घरी परतली म्हणजे तिला दाराआड ठेवू नका. तिला विहारात आणा, शिकवा, कामाला लावा, आणि तिच्याशी विवाह करण्यास पुढे येणाऱ्या तरुणाचा सत्कार करा.

चौथी गोष्ट पुरुषांसाठी. आपल्या मुलग्यांशी वयात येताना बोला. मित्रांच्या टोळक्यात कोणी त्या गल्लीची वाट दाखवू लागला तर तेथेच त्याला अडवा. विहाराच्या समितीवर माणूस निवडताना तो वर्गणी किती देतो यापेक्षा त्याचे वागणे पाहा.

त्या गृहस्थाला मी शेवटी काय सांगितले ते सांगून थांबतो. मी म्हणालो, "कायद्याने तुला आज साक्षीदार ठरविले आहे. तर मग खरा साक्षीदार हो. पिंजऱ्यात उभा राहा, पैसे कोणाच्या हातात दिलेस ते सांग." तो पुष्कळ वेळ खाली पाहत राहिला. तारखेला तो आला. त्याने साक्ष दिली, आपल्या तोंडाने आपली लाज सांगितली, आणि दलालाच्या शिक्षेला त्या साक्षीचा आधार झाला. त्या दिवसापासून मी त्याला पुन्हा बंधू म्हणू लागलो.

आपण सर्वांनी आपापल्या मनाच्या न्यायालयात अशी साक्ष द्यावी, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!